मुरलेला कान

लालबागच्या मसाला गल्लीत ‘जयवंत घाडीगावकर कुठे भेटतील?’ असं विचारलंत तर समोरचा आधी शिंकेल आणि मग ‘माहीत नाही’ म्हणेल. ‘कानवाले काका’ म्हणा, हाताला धरून नेऊन सोडेल. वय एकोणसाठ, मुक्काम कॉटन ग्रीनच्या चाळीत, मूळ गाव कणकवलीच्या पुढे आत कुठेतरी. अंगाला मिरचीचा असा वास की गावच्या गाडीत शेजारी कोणी टिकत नाही, आणि या गोष्टीचा त्यांना अभिमान.

ते राजारामशेठच्या दुकानात डंखावर उभे राहतात. डंख म्हणजे विजेवर चालणारं उखळ-मुसळ. जमिनीत पुरलेलं लोखंडी उखळ, आणि त्यात वरून आपटणारं, पैलवानाच्या मांडीएवढं मुसळ. असे सहा, एका ओळीत. मार्च ते मे परळ-नायगावच्या बायका भाजलेल्या मिरच्या, धणे, खडा मसाला पिशव्यांतून घेऊन येतात आणि आपला मसाला दुसरीच्या मसाल्यात जाऊ नये म्हणून तोंडाला ओढणी बांधून समोरच ठाण मांडतात. सहा मुसळं एकदम सुरू झाली की त्या दुकानात जे काही बोलायचं ते हातवाऱ्यांनी. भांडणंसुद्धा. मी पाहिलीयत, फार प्रेक्षणीय असतात.

या दणदणाटात जयवंतकाका प्रत्येक मुसळाचा आवाज वेगळा ऐकत. मिरची अख्खी असते तेव्हा मुसळ खाडखाड बोलतं. ती बारीक होत आली की आवाज जरासा बसतो. ‘जरासा’ म्हणजे तुम्हाला-मला कळणार नाही एवढा. तेवढ्यात मसाला बाहेर काढला तर लालभडक आणि घमघमीत. दोन-चार मिनिटं उशीर झाला की लोखंड तापतं, मिरचीचं तेल सुटतं आणि वर्षाचा मसाला काळपट गोळा होऊन बसतो. लवकर काढला तर भरड. गल्लीतले बाकीचे लोक मशीन थांबवतात, चिमूट घेतात, बोटांत चोळून बघतात. काका थांबवत नसत. डंखांकडे पाठ करून कोणाशी हातवारे चालू असायचे आणि मधेच बोट मागे जायचं: चार नंबर, काढ. तीस वर्षं ते बोट चुकलं नव्हतं.

हा कान त्यांना देवानं दिलेला नव्हता, कमावलेला होता. बापाची गिरणी संपात गेली, ती परत सुरू झालीच नाही, तेव्हा सोळाव्या वर्षी ते डंखावर लागले. त्यांना शिकवणारे महादेवबुवा होते, आणि बुवांचा एकच नियम: कानात कापूस घालायचा नाही. डोकं ठणकलं तरी नाही. लोणचं जसं बरणीत मुरतं तसा कान आवाजात मुरतो, कापूस घातलास तर कच्चाच राहील. काकांना पहिली आठ-नऊ वर्षं काहीच कळायचं नाही. बुवा शिव्या घालायचे. दहाव्या-अकराव्या वर्षी एका दुपारी अचानक आवाज बसलेला ऐकू आला, आणि मग येतच राहिला. बुवांनी त्या दिवशी गल्लीत भजी वाटली. जयवंताचा कान मुरला.

गेल्या मार्चमध्ये शेजारची चाळ पाडून तिथे टॉवरचं पायलिंग सुरू झालं. जमिनीत लोखंड ठोकायचं ते यंत्र म्हणजे सातवा डंखच, फक्त पाच मजली. पहिल्या आठवड्यात नायगावच्या सीमाताईंचा पाच किलो मसाला काळा पडला. दुसऱ्या आठवड्यात एका पोलीसवहिनींचा भरड निघाला. सीमाताई ओरडल्या नाहीत. त्यांनी मूठभर मसाला राजारामशेठच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “हुंगा.”

शेठनी हुंगला आणि दुकान बंद झाल्यावर काकांना बोलावलं.

“जयवंता, कान गेला तुझा.”

“कान खंय जातलो, शेठ? तो बाजूचो राक्षस ठोकता ना, त्याच्यापुढे ऐकाक येना.”

“राक्षस सगळ्यांसाठी आलाय. बाकीच्यांचे मसाले बरे निघतात ते?”

“बाकीचे चिमूट घेतात. त्येंका कान खंय आसत?”

शेठना हे पटलं नाही. त्यांनी काकांना काट्यावर बसवलं. म्हणजे पिशवी वजनाला ठेवायची, आकडा वाचून सांगायचा. बेचाळीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला खुर्ची दिली, आणि त्याला ती खुर्ची सुळासारखी टोचली. “डॉक्टरचा कागद आण,” शेठ म्हणाले, “कान ठीक आहे म्हणून. त्याच दिवशी परत डंखावर.”

अशा रीतीनं काका आमच्याकडे आले. आमच्याकडे म्हणजे परळमधल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात, कान तपासायच्या खोलीत. मी सम्यक, करमाळ्याचा बीएस्सी. तेव्हा मला तिथे लागून चार आठवडे झाले होते. मशीनची बटणं दाबायची आणि पेशंटला ‘घाबरू नका’ म्हणायचं, एवढं माझं काम. निकालाचा अर्थ लावायच्या शेफाली मॅडम.

पहिली तपासणी मॅडमनीच घेतली. त्यासाठी माणसाला आवाजबंद खोलीत बसवतात. जाड दार, भिंतींना स्पंज, बाहेरचा हॉर्नसुद्धा आत येत नाही. वीस मिनिटांनी काका बाहेर आले तेव्हा चेहरा पिठासारखा झालेला.

“आत कोण कांडतंय?” त्यांनी मला विचारलं. गडबडून ते एकदम शहरी बोलायला लागले होते.

“आत कोणी नाही, काका.”

“अरे आहे. धप, धप, धप. बारीक डंख आहे. थांबतच नाही.”

मी त्यांचा हात धरून त्यांच्याच छातीवर ठेवला. काका ऐकत राहिले. मग खाली बसले.

“हे रोज चालू असतं?”

“रोज.”

“माका कधी ऐकाक इला नाय,” ते म्हणाले. जणू घरातच कोणी इतकी वर्षं राहत होतं आणि त्याला त्यांनी कधी चहा विचारला नव्हता.

मॅडमना वॉर्डातून बोलावणं आलं. जाता जाता त्या म्हणाल्या, “यांची बारीक वाढीची टेस्ट घेऊन ठेव. उद्या बघते.” ही टेस्ट अशी असते: कानात एकसारखा सूर चालू ठेवायचा. दर पाच सेकंदांनी तो मशीन किंचित वाढवतं आणि लगेच पुन्हा खाली आणतं. वाढलेला कळला की बटण दाबायचं. अशा वीस वाढी. पहिल्या आठवड्यात हौस म्हणून मी ती स्वतःवर घेतली होती. मला वीसपैकी दोन कळल्या होत्या, त्यातली एक अंदाजानं.

काका आत बसले. डोळे मिटले. पहिली वाढ, बटण. दुसरी, बटण. मी काचेतून बघतोय आणि माझं तोंड हळूहळू उघडतंय. सहावी त्यांनी सोडली, मला वाटतं शिंक आली म्हणून. बाकी एकूण एक. वीसपैकी एकोणीस.

आता, चांगले मार्क पडले की अभिनंदन करायचं हे करमाळ्याच्या शाळेनं मला शिकवलेलं. दुसरं काही शिकवलं असेल तर ते माझ्या लक्षात नाही. मी दार उघडलं आणि म्हणालो, “काका, शाबास. मला स्वतःला दोनच आले होते.”

“दोन?” काकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. “तरणोताठो तू, आणि दोन?”

“मुरायचाय अजून,” मी म्हणालो. एव्हाना त्यांची मला बुवांची सगळी हकीकत सांगून झाली होती.

त्यांना कागद हवा होता. खरा रिपोर्ट मॅडमच्या सहीशिवाय निघत नाही. मी केसपेपरच्या पाठीवर ‘२० पैकी १९’ असं ठळक लिहून दिलं. खाली सही केली नाही, तेवढी अक्कल होती. स्माइली काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी फाईल उघडली, आकडा बघितला आणि दुसऱ्या पानावरचा, पहिल्या तपासणीचा आलेख पुन्हा बघितला.

“एकोणीस,” त्या म्हणाल्या. “तू पेशंटला काय सांगितलंस?”

“शाबास म्हटलं.”

मॅडमनी चष्मा काढला. त्या चष्मा काढतात तेव्हा समोरच्याचं काही खरं नसतं.

“सम्यक, धड कानाला ही वाढ कळत नाही. कळायला नकोच. इतकी छोटी ठेवलीय ती मुद्दाम. ज्याचा आतला कान खराब झालाय त्याला कळते. तुला दोन आले ना, तू पास. ते नापास.”

मी म्हणालो की असं कसं होईल, बहिऱ्याला जास्त कसं ऐकू येईल. त्यांनी मला आवाजबंद खोलीत बसवलं. या वेळी त्याच कानात सुराच्या मागे घोंघाट सोडला. पंखा, पाऊस आणि मोटर एकत्र केल्यासारखा. सूर त्यात बुडाला. मग त्यांनी तो वाढवत वाढवत घोंघाटाच्या जरा वर आणला आणि टेस्ट सुरू केली. मी बटण दाबायला लागलो. वाढ स्पष्ट कळत होती. टुण. टुण. कोणी खांद्यावर बोट मारावं तशी.

बाहेर आलो. चौदा.

“कान तोच,” मॅडम म्हणाल्या. “फक्त मागे आवाज आला.”

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. आवाज म्हणजे वीस मजल्यांची इमारत समज. धड कानाला तळापासून ऐकू येतं, म्हणून जिना लांब, पायऱ्या बुटक्या. एक पायरी चढलास तरी लक्षात येत नाही. मागे गोंगाट सुरू झाला की खालचे दहा-बारा मजले पाण्याखाली जातात. पण गच्ची तिथेच असते. म्हणजे तळापासून गच्चीपर्यंतचा सगळा चढ उरलेल्या थोड्या पायऱ्यांत बसवायचा. पायऱ्या उंच होतात, प्रत्येक पायरी गुडघ्याला लागते. गोंगाट थांबला की तुझं पाणी उतरतं. घाडीगावकरांचं उतरत नाही. चाळीस वर्षांच्या ठोक्यांनी त्यांचे खालचे मजले कायमचे गेलेत. म्हणून उरलेल्यात त्यांना एवढासा फरकही कळतो. आणि शेजारचं पायलिंग सुरू झालं की उरलेलेही बुडतात.

म्हणजे शेठही खरे होते आणि काकाही खरे होते. खोटा होता तो माझा कागद.

“जा,” मॅडम म्हणाल्या, “आणि तुझा स्माइली परत घेऊन ये.”

मी गल्लीत पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. सहाही डंख चालू, पलीकडे पायलिंग चालू. काका काट्यावर नव्हते. तीन नंबरच्या डंखापाशी, पाठमोरे, छाती पुढे काढून उभे होते. त्यांच्या डोक्यावर गणपतीच्या फोटोशेजारी माझा कागद. लॅमिनेट केलेला. रांगेत बसलेल्या बायकांना शेठ स्वतः दोन्ही हातांची बोटं नाचवून दाखवत होते: दहा, आणि नऊ. एका बाईनं माझ्याकडे बघून नमस्कार केला. मला घाम फुटला, आणि तो मिरचीचा नव्हता.

आणि मग मला दोन नंबरवर उभी असलेली मुलगी दिसली. श्रेया, काकांची लेक, चोवीस वर्षांची. कुरिअरच्या ऑफिसातली नोकरी सुटल्यावर दोन वर्षांपासून ती वडिलांच्या हाताखाली डंख शिकत होती. केस फडक्यात बांधलेले, नाकावर मास्क. कान उघडे. मधेच तिनं तळहातानं एक कान दाबला. काकांनी लांबूनच बोट हलवलं: नाही. तिनं हात खाली घेतला.

मी काकांना ओढत कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे नेलं आणि सगळं सांगितलं. मजले, पाणी, पायऱ्या. आवाजामुळे ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे चहावाल्यालाही कळलं. काकांनी चहाचा ग्लास हातात धरला होता तो तसाच राहिला.

“म्हणजे तुका दोन, ते बरे.”

“हो.”

“माका एकोणीस, ते वायट.”

“हो, काका. चूक माझी. मी न समजता शाबास म्हटलं.”

त्यांनी माझी चूक ऐकलीसुद्धा नाही. ते हिशेब लावत होते, पण वर्षांचा. “अकराव्या वर्षी,” ते म्हणाले. “बुवांनी भजी वाटली तेव्हा. तेव्हाच कान गेलेलो.”

“थोडाथोडा आधीपासून जात असणार.”

“म्हणजे मुरलो नव्हतो,” काका म्हणाले. “सडलो होतो.”

चहावाला दुसरीकडे बघायला लागला. पेशंटला ‘घाबरू नका’ म्हणायचं हे माझं काम, पण तेव्हा ते तोंडातून निघालं नाही.

“श्रेयाक किती येतीत?” त्यांनी विचारलं.

“दोन वर्षंच झालीत ना? यावेत दोन-तीन.”

“रोज शिव्या घालतंय मी तिका. अजून कळत नाय, कळत नाय म्हणून.” त्यांनी ग्लास ठेवला. “परवापास्नं सांगता, जरा जरा कळाक लागलंय. मी तिका खाऊक पेढे दिले.”

डंखावर असताना मसाल्याच्या मोसमात या माणसानं कधी रजा घेतलेली नव्हती. सख्ख्या भावाच्या लग्नाला ते हळदीच्या दिवशी जाऊन अक्षता पडायच्या आधी परतलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ते श्रेयाला घेऊन दवाखान्यात हजर. श्रेयाला काय चाललंय ते नीट सांगितलेलं नव्हतं.

“बाबा, टेस्ट तुमची होती ना? मला कशाला?”

“बस गप. आणि ऐक, जबरदस्तीन बटण दाबू नको. नाय कळला तर नाय कळला.”

“दोन वर्षं म्हणताय कान दे, कान दे. आणि आज?”

या वेळी मॅडम स्वतः बसल्या. काका काचेला नाक लावून उभे. सूर त्यांना ऐकू येत नव्हता, फक्त लेकीचा अंगठा दिसत होता. अंगठा हलला नाही की ते श्वास सोडायचे. पहिल्या चार वाढींना अंगठा हलला नाही. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पाचव्या वाढीला हलला. सातवीला हलला. आठवीला, नववीला. माझ्या पाठीवरचा हात तिथेच राहिला आणि जड होत गेला. पोरीला मार्क कमी पडावेत म्हणून देव पाण्यात घालून बसलेला बाप मी पहिल्यांदाच पाहत होतो.

वीसपैकी नऊ.

मॅडमनी या खेपेला मला तोंड उघडू दिलं नाही. त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं: हा मधला आकडा आहे, आणि आलेखातही वरच्या पट्टीत, म्हणजे बारीक सुरांपाशी, खड्डा पडायला लागलाय. गेलेलं परत येणार नाही. पण दणका थांबवला तर पुढचं वाचेल.

श्रेया वडिलांकडे बघत होती. “मी सांगत होते,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. “रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात शिट्टी वाजते, सांगत होते की नाही? तुम्ही म्हणालात, मुरतोय.”

या बापलेकींमध्ये मी काहीतरी विनोदी बोलावं असं मला फार वाटलं. बोललो नाही, हे माझ्या आयुष्यातलं एक चांगलं काम.

दवाखान्यातून ते सरळ दुकानात गेले. मी मागे गेलो. स्माइली परत आणायचा होता म्हणून. काकांनी भिंतीवरचं मुख्य बटण खाली ओढलं. सहाही डंख थांबले. गल्लीत असं भर मोसमात होत नाही. बायका उठून उभ्या राहिल्या. पायलिंगवाल्यांची बहुतेक जेवायची सुट्टी असावी, कारण क्षणभर खरंच शांतता झाली आणि कोणाची तरी शिंक केवढीतरी मोठी वाटली.

“काय झालं? करंट लागला?” राजारामशेठ धावत आले.

“शेठ, कागद उलटो वाचलो आपण,” काका म्हणाले. “एकोणीस म्हणजे कान गेलो.”

शेठना ते समजायला बराच वेळ लागला. समजल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, “जयवंता, मी सगळ्या गल्लीला दाखवलंय ते. आता गप राहा. मी तुला काट्यावर नाही पाठवत. उभा राहा असाच. लोकांचा विश्वास आहे.”

इथे मला वाटलं, काका राहतील. हवी होती ती जागा मिळत होती, तीही शेठच्या तोंडून, आणि खरं काय ते विचारणारं कोणी नव्हतं.

“मी उभो राहिलंय तर पोरगी पण उभी राहतली, उघड्या कानान,” काका म्हणाले. “तिच्यामागून आणखी कोणतरी. नको. आजपासून डंख थांबवायचो, चिमूट घ्यायची, चाळायचा. आणि जो उभो राहील त्याच्या कानावर ते आवाज अडवणारे मोठे टोप. दवाखान्यातल्या मॅडमनी नाव लिहून दिल्यानी.”

“सगळे मशीन थांबवून चिमूट घेणार, तर तुझा कान कशाला हवा मला?”

“तोच बोलतंय मी.”

शेठ पुढे काही बोलायच्या आत काका काट्यावर जाऊन बसले. खुर्ची त्यांनी स्वतःच ओढून घेतली.

दोन दिवसांनी कानटोप आले. पिवळे, विमानतळावर घालतात तसे. श्रेया ते घालून दोन नंबरवर उभी राहिली तेव्हा बायका हसल्या. सीमाताई त्या दिवशी पुन्हा आल्या होत्या, नव्या मिरच्या घेऊन, कारण घरात मसाल्याशिवाय वर्ष निघत नाही. त्यांच्या मिरच्या उखळात पडल्या. काकांची पाठ डंखाकडे होती, नजर काट्यावर. पायलिंग चालू होतं, त्यांना त्यात डंखाचं काही ऐकू येत नव्हतं हे आता सगळ्यांनाच माहीत होतं. तरी पंधरा-वीस मिनिटांनी त्यांची मान आपोआप वळली. अंदाजानं असेल.

श्रेयानं मशीन थांबवलं. वाकून चिमूट घेतली, अंगठ्यात चोळली, उजेडात धरली. सीमाताईही वाकून बघायला लागल्या. काका खुर्चीतून अर्धवट उठले.

श्रेयानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिनं ‘अजून नाही’ अशी मान हलवली, मशीन परत सुरू केलं आणि आपली आपण उभी राहिली.

काका खाली बसले. समोरच्या बाईची पिशवी काट्यावर ठेवली आणि आकडा वाचला.